आईने बाबांवर चढवलेली बोली

त्या रविवारी एका डांगरावरून भर अंगणात नवरा-बायको एकमेकांना भिडले... आणि ते नवरा-बायको म्हणजे माझेच आई-बाबा!

गोष्ट आमच्या गावची, पारनेरकडची. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मी सातवीत होते. आता नव्वदीत आहे. नातीने मोबाईलवर टाइप करायला शिकवलंय, तेव्हा तुमची काही सुटका नाही...

गावात शाळा सातवीपर्यंतच. तीही अर्धी चावडीत आणि अर्धी चर्चच्या व्हरांड्यात भरायची. शाळेला स्वतःची इमारत असेल तरच पुढचे वर्ग मिळतील, असं शाळा तपासायला आलेले साहेब सांगून गेले होते. मुलगे नगरला बोर्डिंगात जायचे, मुली चुलीपुढे बसायच्या. इमारत झाली तर मी आठवीत, नाही तर मीही चुलीपुढे.

गावाने ठरवलं, सरकारच्या तोंडाकडे बघायचं नाही, शाळा आपणच बांधायची. तीही दगडी आणि ऐसपैस! शेजारच्या गावचे लोक हसले. कोणी दगड दिला, कोणी बैलगाडी दिली, पण चुन्याला आणि सागवानाला रोख पैसा लागतो... आमचं गाव कोरडवाहू.

आम्ही ख्रिस्ती. आमच्यात कापणीचा सण असतो. शेता-परसात पिकलेलं चांगलंचुंगलं देवाला वाहायचं आणि उपासना झाली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव करायचा. घेणारा पैसे देतो आणि पुष्कळदा वस्तू परत देतो, मग पुन्हा तिचाच लिलाव! एखादा कोंबडा सकाळपासून विकला जातोय आणि तरी तिथेच आरवतोय, असं चालायचं.

त्या वर्षी लिलावाचा सगळा पैसा शाळेच्या इमारतीला द्यायचं ठरलं. म्हणून आमचेच नाही, सगळ्या जातीधर्माचे लोक आले. बोली पुकारायला गेनूभाऊ होते, बाजारात बैलांचे सौदे करणारे. आवाज काय विचारू नका.

पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बायकांनी चारचौघांत ओरडायची पद्धत नव्हती. त्या आपली बोली सलोमीबाईंच्या कानात सांगायच्या आणि सलोमीबाई ती पुकारायच्या. या सलोमीबाई घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवायच्या, कोणाच्या बापाला घाबरत नसत. कोणती बोली कोणाची, हे मात्र कधी सांगायच्या नाहीत.

बाबा शाळेत मास्तर, पगार बेताचा. निघताना त्यांनी आईला बजावलं होतं, "आपण डांगर वाहिलंय, तेवढं पुरे. लिलावात पडायचं नाही." आई म्हणाली, "बरं." आईच्या 'बरं'चा अर्थ बाबांना एवढ्या वर्षांत कळायला हवा होता...

डांगर म्हणजे लाल भोपळा. तो मी वाढवलेला, न्हाणीच्या पाण्यावर, छपरावर वेल चढवून. गेनूभाऊंनी तो दोन्ही हातांनी वर धरला, पण बोली आठ आण्यांवरच अडली. पोरीचं डांगर आठ आण्यांत जातंय हे बाबांना काही बघवेना.

"एक रुपया!" बाबा ओरडले. स्वतःचं सांगणं स्वतःच विसरले!

लगेच सलोमीबाई, "दीड!" बाबा, "दोन!" सलोमीबाई, "अडीच!" बाबांना वाटलं, पलीकडे पाटलीणबाई असणार. ते इरेलाच पेटले आणि बोली साडेचार रुपयांवर गेली. तेवढ्या पैशात गाडीभर डांगरं आली असती.

मी आईशेजारीच बसले होते. तिचं तोंड सलोमीबाईंच्या कानाला लागलेलं बघून मी तिचा पदर ओढला. "अगं आई, ते बाबा आहेत!"

"ठावं हाय मला. चढू दे त्यांना."

शेवटी सलोमीबाईंच्या कानाशी आई दिसली आणि गेनूभाऊंच्या ध्यानात आलं. "ओ मास्तर, थांबा की! तुमी तुमच्याच घरावर बोली चढवताय!" सगळं अंगण हसून लोळलं आणि बाबा कानापर्यंत लाल झाले.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, भला माणूस. म्हणाले, "चुकून झालंय. बोली मोडू आणि आठ आण्यांपासून पुन्हा धरू."

तेव्हा आई उठली. पुरुषांसमोर मान वर न करणारी माझी आई! "मोडायची न्हाई," ती म्हणाली. "द्येवापुढं बोललेलं माघारी घेत न्हाईत. मास्तरांची बोली मास्तर देतील, माजी मी देईन. अंड्यांचं पैसं हायेत माज्याकडं. पर साळा झाली पायजे. माजी पोरगी सातवीवर ऱ्हायची न्हाई."

हसणं थांबलं. बाबांनी खिशात हात घातला. "दिले," ते म्हणाले, "आणि डांगर परत शाळेला."

मग खरी मजा झाली. पाटलीणबाई उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, "माजं पाच!" त्यांच्यामागून एकेक बाई उठू लागली. माझं डांगर ऊन कलेपर्यंत विकलं जात होतं. सलोमीबाई तेवढ्या रुसल्या. "आता माजं काय काम हाय हितं?" म्हणत पाणी प्यायला निघून गेल्या.

एका डांगराने शाळा बांधली, अशी थाप मी मारणार नाही. पण त्यानंतर वर्गणी मागायला बायका स्वतः दारोदार निघाल्या, आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. इमारत उभी राहिली. आठवीच्या वर्गात मी ओल्या चुन्याच्या वासात बसले... तो वास अजून नाकात आहे. पुढे त्याच शाळेत शिकवलंही.

बाबा मात्र टोमणा मारायची संधी सोडत नसत. ताटात डांगराची भाजी आली की म्हणायचे, "एवढं महाग डांगर नगर जिल्ह्यात कोणी घेतलं नसेल." आई गालात हसायची.

मी मॅट्रिक पास झाले त्या दिवशी आईने मुद्दाम डांगराचे घारगे केले. आता टोमणा येणार म्हणून मी वाट बघत बसले. बाबांनी एक घारगा सावकाश खाल्ला, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्वस्तात पडलं गं डांगर."

आईने त्यांच्या ताटात आणखी एक घारगा वाढला. अशा आई-बापांच्या पोटी मी आले... देवाकडे आणखी काय मागायचं?