माझं वाक्य, तिची सही

“नाही हो, मुलगी तशी हुशार आहे, पण फार कोरडं लिहिते. जरा अंगावर येईल असं लिही म्हणून सांगते तिला.”

ताई हे स्वयंपाकघरात फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि आमच्यामध्ये फक्त एक पडदा होता. कोरडं लिहिणारी मुलगी म्हणजे मी.

ताई कर्वेनगरच्या आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. व्यवसायानं वकील. काही आठवड्यांपूर्वी स्पर्धा परीक्षेची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली, म्हणून मुलं पेठेतल्या एका रस्त्यावर बसली होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं, ‘सौम्य बळाचा वापर करण्यात आला.’ त्यावर चौकशी बसली. मार खाल्लेल्या मुलांचे जबाब गोळा करून चौकशी अधिकाऱ्यांना द्यायचे असं ताईंनी मनावर घेतलं. दिल्लीला मानवाधिकार आयोगाकडेही एक प्रत जायची होती, म्हणून इंग्रजी हवं होतं. त्यांनी मला जिन्यात गाठलं. “तू कॉन्व्हेंटची ना? मग चल.” मला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोक हो समजतात.

बाबांची एकच अट होती. “कुठंही नाव घालायचं नाही. कंपनीत कळलं तर?” ही अट मला मनापासून आवडली. मी टाईप करणार, सह्या इतरांच्या. हिंजवडीला मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची नोंद करते : अमुक बटण दाबलं, स्क्रीन पांढरी झाली. बटणानं निर्दयपणे वागवलं असं मी कधी लिहीत नाही. तेव्हा कोरडं लिहिणं हा माझा दोष नव्हता, तो माझा पगार होता.

तरीही ते शब्द लागले.

त्या सकाळी जिचा जबाब मी लिहीत होते ती मुलगी सोफ्यावर बसून डाव्या हातानं चहा पीत होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. माझ्याच वयाची, सोलापूरकडच्या एका खेड्यातली, चार वर्षं पेठेतल्या अभ्यासिकेत बसून फौजदारकीची तयारी करणारी. तिनं सगळं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं.

“पळापळ झाली. माझी चप्पल निघाली. दुकानाच्या कट्ट्याला हात टेकून मी ती पायात घालत होते. तेवढ्यात मनगटावर काठी बसली. एकच. कुणी मारली न्हाई दिसलं, मी खाली बघत होते. मग एक लेडीज पोलीस आली. तिनं स्वतःच्या रुमालानं हात बांधला, रिक्षा थांबवली आन् मला आत बसवलं.”

मी ते तसंच इंग्रजीत उतरवलं होतं. सहा वाक्यं. पडद्याआडून फोनवरचं बोलणं ऐकू आल्यावर मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

मराठीत मी बुजरी आहे. माझं देवनागरी अक्षर अजून पाचवीतल्या मुलीचं आहे, आणि चारचौघांत एखादं वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय बदललेला असतो. इंग्रजीत मात्र मी शूर असते. तिथं शब्द तयार शिवलेल्या कपड्यांसारखे हातात येतात. मी लिहिलं की ती जमिनीवर असहाय पडलेली असताना दोन पोलिसांनी तिला काठ्यांनी पुन्हा पुन्हा, निर्दयपणे मारलं. वाक्य चांगलं झालं. इतकं चांगलं की ते पुन्हा वाचायचं मी टाळलं.

ताई चष्मा लावून वाचत गेल्या. “आता कसं! आणि हे रुमालाचं काढून टाक. आपण पोलिसांना प्रशस्तिपत्र देतोय का?” मी ते काढलं. “आता तिला वाचून दाखव. तशी पद्धत असते.”

जबाब लिहून झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा, आणि खाली ‘वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असं लिहून सही घ्यायची. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि मराठीत सांगायला लागले. माझी नजर इंग्रजीवर फिरत होती आणि तोंडातून मात्र तिचंच सांगणं येत होतं : चप्पल, कट्टा, एक काठी. समोर जे लिहिलं होतं ते मोठ्यानं उच्चारायची मला लाज वाटली. ते तिला कळू नये असं मला वाटत होतं, हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की इंग्रजी असंच असतं, जरा मोठ्या आवाजातलं.

“बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“हो ताई. तुमचं इंग्लिश बघून मी तर गारच पडले.” आणि तिनं डाव्या हातानं, प्रत्येक अक्षरापाशी थांबत, सही केली.

पुढच्या रविवारी मराठी प्रती करायला कोथरूडहून काका आले. काका कोर्टातून लघुलेखक म्हणून निवृत्त झालेले. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट नसलेल्या इमारतीला शिव्या घालतच तिसरा मजला चढले. त्यांची स्वतःची एक रीत होती. जबाब वाचताना ते ओळीखाली बोट ठेवत, आणि शेवटी “बरोबर आहे ना?” असं कधीच विचारत नसत. “त्याला माणूस हो म्हणतो. लग्नात वाढपी विचारतो ना, झालं का पोटभर, तसं ते.” ते विचारत, “यात तुझं नाही असं काय आहे?”

त्या मुलीला त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं होतं. माझं इंग्रजी समोर ठेवून ते सावकाश, शब्दाला शब्द मराठीत वाचत गेले. असहाय. जमिनीवर. दोन पोलीस. पुन्हा पुन्हा. मी पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली.

“यात तुझं नाही असं काय आहे?”

मुलगी म्हणाली, “काका, हे कुणाचं हाय?”

“म्हणजे?”

“मी पडलेच न्हवते. आन् ती रुमालवाली बाई कुठं गेली?” तिचा आवाज चढला नव्हता, पण प्लास्टरबाहेरची बोटं आवळली गेली होती. “मला फौजदार व्हायचंय. परीक्षा झाली की पोलीस व्हेरिफिकेशन असतं. तेव्हा हा कागद निघंल. त्या दुकानाला कॅमेरा हाय, त्यात मी उभी दिसणार. पोलिसात जायच्या आधीच पोलिसांवर खोटं लिहून दिलं म्हणतील. मग मी काय सांगू? हाडाचं खरं होतं, बाकीचं न्हाई?”

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “बाळ, हे कुठून आलं?”

“ट्रान्सलेशनमध्ये काहीतरी झालं असेल,” मी म्हणाले.

हे दुसरं खोटं. पहिलं निदान चांगल्या हेतूनं होतं असं म्हणता आलं असतं.

“गेले ते इंग्रजी जबाब,” ताई म्हणाल्या. “सोमवारीच चौकशी अधिकाऱ्यांना दिले मी. आणि एका वाक्यानं एवढं काय बिघडलं? हात मोडला हे खरं ना? मारलं हे खरं ना? त्यांनी ‘सौम्य’ लिहिलं ते चालतं. सौम्य! सर्दीचं औषध आहे का ते?”

“त्यांचं सौम्य त्यांना निस्तरू दे,” काका म्हणाले. “त्यांच्या पाठीशी सरकार आहे. हिच्या पाठीशी काय आहे? एक एक्स-रे आणि हा कागद. एक्स-रे खोटा पडायचा नाही. कागद तुम्ही पाडलात.”

“मी पाडला?”

“अहो, मग काय मी? मी तर आत्ता जिना चढून आलो.”

ताईंवर मी राग धरला नाही, आजही धरत नाही. त्या वीस वर्षं अशा माणसांसाठी राबल्या आहेत ज्यांचं साधं सांगणं कुणी वाचत नाही. अंगावर आल्याशिवाय कुणी मान वर करत नाही, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. पण त्या रविवारी काकांनी त्या मुलीचं सगळं तिच्याच शब्दांत मराठीत लिहून घेतलं, रुमालासकट, आणि ते ऐकताना मला पहिल्यांदा तो रस्ता दिसला. ज्या पोलिसानं मारलं त्याचा चेहरा दिसला नाही असं म्हणणारी, आणि जिनं हात बांधला तिला न विसरणारी मुलगी खोटं बोलत नाही, हे कुणालाही कळलं असतं. माझ्या वाक्यातली मुलगी कुणीही असू शकत होती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते कुठून आलं ते मला नीट माहीत होतं.

लाठीमाराच्या दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडून परत येत होते. जबड्याची एक बाजू बधिर, बस चौकात अडकलेली, मी खिडकीपाशी. एक तरुण रस्त्यावर कुशीवर पडला होता, गुडघे छातीशी घेऊन, आणि दोन पोलीस त्याला मारत होते. बसमध्ये कुणीतरी “अरे बापरे” म्हणालं, कुणीतरी मोबाईल काढला. मी काही केलं नाही. सिग्नल सुटला, बस निघाली. घरी आईनं विचारलं, दुखतंय का, मी मानेनं नाही म्हटलं, आणि बोलता येत नाही ही त्या दिवसापुरती सोय झाली. त्यानंतरही मी ते कुणाला सांगितलं नाही. माझ्यापाशी एक खरी गोष्ट होती आणि ती स्वतःच्या नावावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी ती दुसरीच्या सहीवर ठेवून दिली. तो तरुण कोण होता, त्याचा जबाब कुणी घेतला का, हे मी कधी विचारलंही नव्हतं. ताईंकडच्या जबाबांत तसा कुणी नव्हता. सगळे मीच टाईप केले होते.

मुलीनं सही केलेली मराठी प्रतही चौकशी अधिकाऱ्यांकडे गेली. चौकशी बुधवारी होती. मी कंपनीत रजा टाकली. मुलीसोबत कुणीतरी बाई माणूस हवं म्हणून ताईंनीच मला बरोबर घेतलं. सरकारी कार्यालयातली लांबट खोली, भिंतीपर्यंत फायली, वर पंखा. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी, बाजूच्या खुर्चीत पोलिसांच्या वतीनं आलेले एक अधिकारी. अलीकडे ती मुलगी आणि ताई. मी मागच्या बाकावर.

चौकशी अधिकाऱ्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. माणूस सभ्य होता, त्यांनी तिला पंखा लागतोय का तेही विचारलं. मग म्हणाले, “हे दोन जबाब. दोन्हीवर तुमची सही. इंग्रजीत तुम्ही पडलेल्या आहात, मराठीत उभ्या आहात. इंग्रजीत दोन माणसं तुम्हाला मारतायत, मराठीत तुम्हाला कुणी दिसलंच नाही. दोन्हीखाली लिहिलंय, वाचून दाखवला, बरोबर आहे. यातला खोटा कुठला?”

मुलीनं दोन्ही कागद जवळ ओढले. इंग्रजी खोटा म्हणावं तर आपण खोट्यावर सही केली हे कबूल करायचं. मराठी खोटा म्हणावं तर ते खोटं ठरायला कॅमेरा होता.

“साहेब, ते ट्रान्सलेशनमध्ये—” ताईंनी सुरुवात केली. माझेच शब्द.

“मी त्यांना विचारलंय.”

पोलिसांकडचे अधिकारी फाईल मिटत म्हणाले, “मग बाकीचे जबाब तरी कशाला वाचायचे, साहेब? एकाच मशीनवर काढलेले आहेत.”

मुलीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तिला अजूनही खरंच कळलेलं नव्हतं की ते वाक्य आलं कुठून, आणि मला ते माहीत असेल एवढंच तिला वाटत होतं.

मी उभी राहिले. बाकाचा मोठा आवाज झाला. वाक्य मनात जुळवायला मी थांबले नाही.

“आपण कोण?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. मग म्हणाले, “मराठीतला जबाब तिचा आहे. इंग्रजीतला मी लिहिला. वाचून दाखवताना मी त्यात लिहिलेलं वाचलंच नाही, तिनं सांगितलेलं बोलून दाखवलं. म्हणून तिनं सही केली. त्यात तिची काही चूक नाही, आणि ती भाषांतरातली चूकही नव्हती. जमिनीवर पडलेला एक तरुण होता. त्याला दोन पोलीस काठ्यांनी मारत होते, मी बसच्या खिडकीतून पाहिलं. त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत. किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही. बस निघाली तेव्हा ते मारतच होते. तो तरुण कोण, मला माहीत नाही, पण तो होता. ते वाक्य तिच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर लिहून घ्या.”