मोकळं चाक

ह्यांची सायकल फिक्स होती. म्हणजे चाक फिरलं की पायडलं फिरणारच, उतारावरसुद्धा पायांना विसावा नाही. "विसावाच हवा तर घरी बसावं," असं हे म्हणायचे.

हे गेल्यापासून सायकल जिन्याखाली होती. माझे गुडघे आखडायला लागले, तशी लेक म्हणाली, "आई, रोज थोडी सायकल चालव." म्हणून काल ती हातात धरून कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात निघाले आणि दचकलेच. सीटवर कोणी नव्हतं, तरी माझ्या शेजारी पायडलं कुरकुरत फिरत होती, एक वर, एक खाली. मी भरभर चालले, तशी तीही भरभर फिरायला लागली.

अन्वरभाईंनी मागचं चाक फिरवून पाहिलं. "वहिनी, ही तुम्हाला जमायची नाही. नवी घ्या, नाहीतर हिलाच फ्रीव्हील बसवतो. पायडलं मोकळी होतील."

मोकळी. रडून मोकळी हो, कपडे वाटून मोकळी हो, सगळे मला हेच सांगतात. आणि फ्रीव्हील तरी दुसरं काय? पाय थांबले तरी चाक आपलं पळतच राहतं. घरात दूध येतं, कुकरची शिट्टी होते.

"आज नको," मी म्हटलं. "नुसतं तेल घाला."

परतताना पायडलांची कुरकुर थांबली होती. दारात शेजारच्या काकूंनी विचारलं, "एकट्याच कुठे गेला होतात?"

उत्तर द्यायला मी थांबले. माझ्या शेजारी पायडलंही थांबली.