खुर्चीवरचा कोट

गावोगाव टीव्ही येऊ लागले, तेव्हा माले गावाजवळच्या एका जुन्या गोठ्यात ती बाई व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायची. मी माझ्या दुकानासाठी ते न्यायचो. तिथं दारात पुरुषाच्या चपला, खुर्चीवर कोट कायम. गिऱ्हाइकाची जीप थांबली, की हातातली तांब्याची तार ठेवून ती आधी कोट झटकायची. "सायेब आत्ताच पुण्याला गेल्यात," म्हणायची.

एकदा मी वैतागलो. "अहो, साहेब भेटणार तरी कधी?"

"सायेब न्हाईतच. कोट जुन्या बाजारातला हाय. बाईनं बनवल्यालं यंत्र कोण घेतंय?"

पुढं तारा पेटून गोठा जळाला, आत ती एकटीच होती. पौडच्या बाजारात व्यापारी म्हणत होते, "नशीब, साहेब पुण्याला होते."