कार्ड खिशातच होतं

नंदुरबारच्या मिरची बाजारात अन्वरभाईंचा हात ओळखीचा आहे. उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत लालसर, राठ, आणि नखांच्या कडेला रंग कायमचा बसलेला. व्यापारी गोणी उघडून दाखवतो तेव्हा वरची मिरची नेहमीच छान असते. झळझळीत, कडक, देठासकट. अन्वरभाई तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाची मूठभर मिरची वर काढायची, कानाजवळ धरून हलवायची. आत बी खुळखुळलं तर माल सुका. नाही खुळखुळलं तर कुणीतरी वजनासाठी पाणी मारलंय. मग समोरचा कितीही शपथा घेवो, अन्वरभाई म्हणणार, "कुठंतरी पाणी मुरतंय शेठ," आणि पुढच्या गोणीकडे वळणार. एकतीस वर्षांत हा हात एकदाही चुकलेला नाही.

चुकला तो फक्त माणसाच्या बाबतीत, आणि तेही स्वतःच्या पोरीच्या लग्नात.

थोरली सकीना. सुरतेचं स्थळ आलं, मुलगा गोरागोमटा, बोलायला गोड, कापड बाजारात नोकरी. अन्वरभाई एका बैठकीत हो म्हणून मोकळे झाले. चार महिन्यांनी सकीना एक पिशवी घेऊन परत आली. नोकरी कधीच सुटलेली होती, नवरा दारूत बुडालेला होता, आणि हे त्याच्या घरच्या सगळ्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. सासूला ठाऊक, दिराला ठाऊक, मध्यस्थाला ठाऊक. ज्यांची पोर त्या घरात जाणार होती तेवढ्यांनाच ठाऊक नव्हतं. सकीनाने बापाला दोष दिला नाही. एकदाच, शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "अब्बा, मिरचीला तरी तुम्ही हात घालून बघता." त्याला सहा वर्षं झाली, पण ते वाक्य अन्वरभाईंच्या छातीत आजही कुसळासारखं टोचतं.

म्हणून धाकट्या माहेनूरला जाकीरचं स्थळ आलं तेव्हा अन्वरभाई ना हो म्हणाले, ना नाही. मुलगा नवापूरजवळच्या हायवेवर एका गार्डन हॉटेलात मॅनेजर. रविवारी पाहुणे घरी यायचे होते. बुधवारी अन्वरभाईंनी घरात सांगितलं, "तळोद्याला माल बघायला चाललोय," आणि बाजारातला जुना हमाल, दोस्त लोटन याला सोबत घेऊन नवापूरची बस पकडली. मनात एकच. रविवारी तो पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून वरची मिरची दाखवणार. आपल्याला तळाची बघायची आहे.

हॉटेलचं नाव हरियाली. पुढे हिरवळ, तिच्यावर गवताने शाकारलेल्या छत्र्या, छत्रीखाली टेबल-खुर्च्या, मधोमध पाणी नसलेलं कारंजं, आणि मागच्या बाजूला सहा खोल्या. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या जेवायला थांबायच्या. अन्वरभाईंनी फाटकातच नाक वर करून वास घेतला.

"काय हुंगी ऱ्हायना?" लोटनने विचारलं.

"पलीकडे गुजरातची हद्द आहे. तिकडे दारूबंदी. मग अलीकडच्या हॉटेलात काय चालत असेल?"

वास मात्र लसणाच्या फोडणीचा आला. याने अन्वरभाईंचं समाधान झालं नाही. लपवणारा वास थोडाच येऊ देतो!

काउंटरवर जाकीर स्वतःच होता. फोटोपेक्षा काळा, फोटोपेक्षा बारीक. त्याने रजिस्टर पुढे ओढलं आणि दोघांचं आधार कार्ड मागितलं. घ्या! सगळा बेत इथंच फसायची वेळ आली. खोली लोटनच्या नावावर घ्यायची हे ठरलेलं होतं, पण हॉटेलवाला प्रत्येकाचं कार्ड मागतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोटनने आपलं कार्ड दिलं. अन्वरभाईंनी सदऱ्याचे खिसे चाचपल्यासारखं केलं. कार्ड आत बंडीच्या खिशात छातीला टेकून बसलं होतं.

"घरी राहिलं वाटतं," ते म्हणाले.

जाकीरने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं चाचा. तुम्ही खोलीत जा, चहा पाठवतो."

खोलीचं दार लावल्याबरोबर अन्वरभाई कडाडले, "पाहिलंस? कार्डाशिवाय खोली दिली! हा चोरालाही ठेवून घेईल!"

"आनि नही देता तर तू म्हनता, पोऱ्या आडमुठा शे," लोटन खाटेवर अंग टाकत म्हणाला.

दुपारी परीक्षा सुरू झाली. जेवताना अन्वरभाईंनी मासे मागितले, ताजे आहेत का म्हणून विचारलं. जाकीर म्हणाला, "कालचे आहेत चाचा. नका घेऊ. शेवभाजी खा." अन्वरभाईंच्या भुवया चढल्या. आपल्याच हॉटेलचा माल कोण वाईट म्हणतो? खरेपणाचा आव आणून गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही जुनी चाल आहे. शेवभाजी झकास झाली होती, तिखट म्हणजे तिखट, कपाळाला घाम आणणारी. अन्वरभाईंनी तीन भाकरी खाल्ल्या, आणि मिरची कुठून आणतोस म्हणून खोदून विचारलंही. "तुमच्या नंदुरबारचीच," तो म्हणाला. हे मात्र त्यांना मनातून आवडलं. 'तुमच्या' हा शब्द त्यांच्या कानावरून तसाच गेला.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ मुद्दाम उशीवर ठेवलं, खोली उघडी टाकली आणि अर्धा तास बागेत फिरून आले. घड्याळ जागच्या जागी होतं.

"दोन वरीसफाईन बंद शे ते," लोटन म्हणाला. "कोन ली जाई?"

बागेत झाडांना पाणी घालणाऱ्या बुधीबाई होत्या. इथल्या कोकणी आदिवासी बाई, पन्नाशीच्या, डोक्याला घट्ट फडकं. अन्वरभाई त्यांच्याजवळ जाऊन आधी जास्वंदीचं कौतुक करायला लागले आणि मग हळूच म्हणाले, "मॅनेजर कसा आहे हो? रागीट आहे का? पगार झाला की कुठं जातो?" बुधीबाईंनी नळी खाली ठेवली. "तुम्ही कोण? पोलीस?" अन्वरभाई गडबडले. "नाही हो, सहज." "सहज कोणी पगाराचं विचारत नाही," म्हणत बाईंनी नळी पुन्हा उचलली आणि पाणी नेमकं त्यांच्या चपलांच्या दिशेने सोडलं. संशय घ्यायची मक्तेदारी काही एकट्या अन्वरभाईंकडे नव्हती.

तेवढ्यात एका गाडीतल्या मंडळींनी कारंज्याजवळची फुलं ओरबाडायला सुरुवात केली. जाकीर काउंटरवरून धावत आला आणि असा काही ओरडला की सगळी हिरवळ वळून बघायला लागली. तापट! अन्वरभाईंनी मनातल्या मनात नोंद केली. लोटनने फक्त त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

संध्याकाळी मात्र गंमत संपली. सात वाजता झाडांवरच्या दिव्यांच्या माळा लागल्या. अन्वरभाई छत्रीखाली चहा पीत होते. जाकीर काउंटरवरून उठला, "पाच मिनिटांत आलो," म्हणून पोऱ्यांना सांगून गेला आणि पाण्याच्या टाकीमागे वळला. अन्वरभाईंनी मान लांब केली. त्याने खिशातून काहीतरी काढलं, तोंडात टाकलं, वर पाणी प्यायला, आणि इकडेतिकडे बघून परत आला.

अन्वरभाईंनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. पाच मिनिटांत आलो. सुरतेचा तोही असंच म्हणून उठायचा. सकीनाने सांगितलं होतं, भरल्या ताटावरून उठायचा, पाच मिनिटांत आलो म्हणायचा. त्या रात्री लोटन घोरत होता आणि अन्वरभाई पडल्या पडल्या माहेनूरचा चेहरा आठवत होते. रविवारसाठी तिने हिरव्या ओढणीचा ड्रेस स्वतः शिवायला घेतला होता. सकीना तिला काज-बटणं करून देत होती. काय सांगायचं त्या दोघींना?

सकाळी सातला ते आधीच टाकीमागे जाऊन उभे राहिले. थंडी चांगलीच होती, मफलर कानाला गुंडाळलेला. जाकीर आला. त्यांना पाहून दचकला नाही, की गोळीही खिशात परत टाकली नाही. शांतपणे पट्टीतून गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायला.

"काय खातोस रे हे?" अन्वरभाईंचा आवाज त्यांना नको तितका चढला.

"औषध आहे चाचा. मिरगीचं." त्याने पट्टी त्यांच्या हातात दिली. "चौदाव्या वर्षी पहिला झटका आला. सकाळ-संध्याकाळ गोळी चुकवायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. चार वर्षं झाली, एकदाही आलेला नाही. पण पुन्हा येणारच नाही, असं ते लिहून देत नाहीत."

अन्वरभाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "लग्न झालंय?"

"बोलणी चाललीत."

"मुलीकडच्यांना ठाऊक आहे?"

"मध्यस्थ म्हणतात, बोलू नकोस, चार वर्षं काही नाही तर कशाला उकरायचं. अम्मीही तेच म्हणते." जाकीरने ग्लास टाकीवर पालथा घातला. "मला ते पटत नाही. मुलीच्या बापाला कळायला हवं. मग तो काय ठरवायचं ते ठरवेल."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणेल." त्याने मान खाली घातली. "वाईट वाटेल. मुलगी मला आवडलीय."

पट्टी परत देऊन अन्वरभाई तडक खोलीत आले. "ऊठ. बोऱ्याबिस्तरा गुंडाळ."

लोटन डोळे चोळत बसला. सगळं ऐकून घेतलं. "पोऱ्या बेस शे रे, भाई. मिरचीनी गोणी नही तो."

"मध्यस्थाने लपवलं. आईने लपवलं. पुन्हा तेच घर, पुन्हा तोच खेळ! हा आज एका अनोळखी म्हाताऱ्यापाशी मोकळेपणाने बोलला, रविवारी माझ्या घरात बसून बोलला असता का? मुकाट्याने सरबत प्यायला असता!" अन्वरभाईंच्या हातून पिशवीची चेन लागेना. राग होता, आणि रागाच्या खाली समाधानही होतं. हात चुकला नव्हता. तळाशी ओल सापडली होती.

काउंटरवर जाकीरने रजिस्टर उघडून लोटनपुढे ठेवलं. जाताना सही लागते. लोटनला चष्म्याशिवाय रकाना सापडेना, म्हणून अन्वरभाई वाकले. लोटनच्या नावापुढे त्यांनी बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. खालच्या ओळीत लिहिलं होतं: अन्वर शेख गुलाब, मिरची मार्केटजवळ, नंदुरबार. कार्ड क्रमांकाचा रकाना कोरा.

संशयी माणूस तो. पहिला विचार आला, हे आत्ता, सकाळी लिहिलं असेल. त्यांनी खालची ओळ पाहिली. काल संध्याकाळी उतरलेलं राजपिपळ्याचं कुटुंब, सहा वाजून दहा मिनिटं. त्याच्या खाली आणखी दोन नावं. म्हणजे हे नाव काल दुपारीच लिहिलेलं होतं, टाकीमागची पहिली गोळी दिसायच्याही आधी.

"तू मला ओळखलंस?"

"फाटकातून आलात तेव्हाच," जाकीर म्हणाला. "माहेनूरचा जो फोटो आला, त्यात मागे तुम्ही जिलबी खात उभे आहात."

लोटनला हसू आवरेना. अन्वरभाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. कालपासून नाटक! कालचे मासे नाटक, शेवभाजी नाटक, चाचा-चाचा नाटक! ते बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांना टाकीमागची सकाळ आठवली. पोराला ठाऊक होतं. पट्टी हातात दिली तेव्हा समोर कोण उभं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आई गप्प बस म्हणत असताना, मध्यस्थ गप्प बस म्हणत असताना, ज्याला सांगायचं त्यालाच त्याने सांगितलं होतं. मुलगी आवडलीय, हेही.

अन्वरभाईंनी सदऱ्याची दोन बटणं सोडली, बंडीच्या खिशात हात घातला आणि कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"घे. नंबर राहिलाय."

जाकीरने कार्डाकडे पाहिलं. "घरी राहिलं होतं ना चाचा?"

"खिशातच होतं. मी खोटं बोललो."

जाकीरने एकेक आकडा सावकाश रकान्यात उतरवला. मग कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

"तुझ्या दुखण्याचं पोरीला मी सांगणार," ते म्हणाले. "एक शब्द न लपवता. हो की नाही, ते ती सांगेल. मी नाही सांगणार."

"ठीक आहे."

"आणि रविवारी येशील तेव्हा गोळी विसरू नकोस. संध्याकाळी सातची वेळ आमच्याच घरात होईल. टाकी नाही आमच्याकडे, सगळ्यांसमोर घ्यावी लागेल."

बाहेर बुधीबाई पाणी घालत होत्या. या वेळी त्यांनी नळी बाजूला धरली.

हायवेवर बसची वाट बघताना अन्वरभाईंनी घरी फोन लावला. सकीनाने उचलला. मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"तळोद्याहून निघालात का अब्बा?"

"तळोद्याला नाही गेलो बेटी. तेही खोटंच सांगितलं होतं. नवापूरला आलोय, त्या मुलाला बघायला."

सकीना म्हणाली, "थांबा, माहेनूरला देते."

"नको," अन्वरभाई म्हणाले. "आधी तुला सांगतो."