चांदीसकट वजन

निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. धुळ्याच्या स्टँडवरून तो सरळ आमच्या वडिलांच्या छापखान्यात आला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "अण्णा, रनाळेवाली ताई गई." वडील खिळे जुळवत होते. हातातला खिळा त्यांनी खणात टाकला. तो भलत्याच खणात पडला. आम्ही रनाळ्याला पोहोचलो तेव्हा नदीवरून माणसं परतली होती. ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्या आईला जवळ घेऊन म्हणाली, बाळंतपणात गेली, देवाची मर्जी. त्या दिवसापासून हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकलं. मला ही मर्जी मान्य नाही. माझी बहीण विमल कशानं गेली ते मला ठाऊक आहे, आणि ते लिहून ठेवलं नाही तर तिच्याबरोबर तेही जळून जाईल.

विमलताई आणि मी वाचायला शिकलो ती पत्रकांवर. वडील छापखान्यात, त्यामुळे घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. शाई न वाळलेली, वाया गेलेली, एका बाजूनं कोरी. गिरणीतल्या कामगारांची, कूळकायद्याची, सभेची. आम्ही कोऱ्या बाजूवर गणितं करायचो आणि छापील बाजू मोठ्यानं वाचायचो. "बंधू-भगिनींनो" म्हणताना ताई हात वर करायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भगिनी, आधी पाणी भर." अशा मुलीला वडिलांनी रनाळ्याच्या बड्या शेतकऱ्याच्या घरी दिली, कारण तिचे सासरे तात्या खादी वापरत आणि शाळेच्या समारंभात स्त्रीशिक्षणावर बोलत. ताईनं लग्नानंतरही काम करावं असं तात्याच म्हणाले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं म्हणायला मनापासून आवडायचं.

गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तेव्हा पुण्याहून एक पाहणी आली होती. गरीब मुलखातल्या आया आणि वयात येणाऱ्या मुली काय खातात, किती वजनाच्या असतात, किती बाळंतपणांतून जगतात, याची. एक डॉक्टरीणबाई, एक जीप, एक काटा, आणि गावातली शिकलेली बाई हवी होती. ती बाई म्हणजे ताई. ती घरोघर जायची. बाईचा डोळा पाहून, खालची पापणी हलकेच ओढून, आतली लाली बघायची. प्रश्न विचारायचे सुनेला. उत्तरं द्यायची सासू. ताई म्हणायची, "शकू, मी एका सुनेला विचारलं, काल काय जेवलीस? सासू म्हणाली, भाकर, दाळ, तूप. सून माझ्याकडे बघत होती. मी दोघींचं लिहून घेतलं. सासूनं सांगितलेलं, आणि सुनेचं बघणं." हे सांगताना ती हसत होती. नंतर हसणं थांबलं.

जीप मोलगीच्या बाजारालाही जायची. तिथं डोंगरातल्या बायका डोक्यावरच्या मोळीसकट काट्यावर उभ्या राहायच्या आणि एकमेकींना ढकलून खिदळायच्या. त्यांतल्या एका म्हातारीनं दुभाष्याकडून ताईला विचारलं होतं, "तू आमचं वजन घेऊन जातेस. परत येताना काय आणतेस?" घरी आल्यावर ताई हा प्रश्न पुनःपुन्हा सांगत राहिली. मला वाटतं, पुढं तिनं जे केलं ते या म्हातारीला दिलेलं उत्तर होतं.

पाहणीत एक रेघ होती. गर्भार बाई त्या रेघेच्या खाली भरली तर तिला दुधाची भुकटी, रक्ताच्या गोळ्या, आणि दिवस भरले की जीपनं नंदुरबारच्या दवाखान्यात नेणं. रेघेच्या वर भरली तर नाव लिहायचं आणि घरी पाठवायचं. ताईची धाकटी जाऊ जमना त्याच वर्षी गर्भार राहिली. सोळावं लागलं असेल नसेल. मनगटं एवढीशी, पापणीच्या आत पांढरं. काट्यावर उभी केली, आणि जमना रेघेच्या जराशी वर भरली.

वर भरली, कारण तिच्या पायात चांदीचे तोडे होते. आमच्याकडे लग्नात सोनार तोडे चढवतो आणि सांडशीनं त्यांची तोंडं दाबून बंद करतो. ते नवऱ्याच्या मागं उतरतात, किंवा बाईच्या स्वतःच्या मरणानंतर. चालताना, झोपताना, कपाशी वेचताना, बाळंत होताना पायात असतात. पुण्यात बसून नियम लिहिणाऱ्यांनी लुगड्याचं वजन वजा धरलं होतं. चांदी त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. ताईनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "विमलबाई, मला दिसतंय. पण अंदाजानं वजा कसं करू? तोडे काढून उभी करा, किंवा तोड्यांचं वजन आणा."

दोन्ही दारं बंद होती. तोडे काढायचे नाहीत. आणि सोनारानं काय घेऊन किती घडवलं हे घराबाहेर सांगायचं नाही, कारण चांदीचं वजन कळलं की सोयरिकी आणि चोऱ्या दोन्ही त्या वजनावर ठरतात. ताईनं सासूला, मोठ्या मायला, विचारलं. मोठी माय भाकऱ्या थापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"घरनी चांदी कितली शे ते तुन्ही डॉक्टरीणले कसाले पाहिजे वं? तिले दूध देवानं शे का दागिना करानं शे?"

तात्या ओसरीवरून पुस्तकी मराठीत म्हणाले, "सूनबाई, आपल्या घरात दुधाची ददात नाही." ददात नव्हतीच. गोठ्यात तीन म्हशी होत्या. त्यांचं दूध पुरुषांच्या पेल्यात जायचं, उरलेलं विरजणात, आणि विरजणाचं ताक सुनांच्या भाकरीवर. घरात दूध आहे म्हणून सुनेला बाहेरचं नको, आणि घरातलं तर तिच्यापर्यंत येतच नाही. अशी कोंडी घालायला कुणी दुष्ट माणूस लागत नाही. सगळे आपापल्या जागी सज्जन असले की पुरतं.

ताईला एकच फट सापडली. तात्यांनी दोन्ही सुनांचे तोडे एकाच वेळी, एकाच सोनाराकडून, एकाच वजनाचे घडवून ठेवले होते, जावाजावांत कुरबूर नको म्हणून. म्हणजे ताईच्या पायात जेवढी चांदी, तेवढीच जमनाच्या पायात. ताई भरदुपारी सोनाराच्या दुकानात गेली. जमना सोबत होती. पुढचं तिनं मला सांगितलं.

सोनार घाबरला. "बहीण, तुन्हा मालक जिता शे. मी सांडस लावाव नही."

"मंग सांडस इकडे द्या," ताई म्हणाली. "पाय मन्हा शे."

आणि तिनं दुकानाच्या पायरीवर बसून स्वतः तोडे उचकटले. घोटा सोलून निघाला. जमना अजून हसते, डोळ्यांत पाणी आलेलं असताना हसते: "ताईना पाय असा दिखना, जसा मुळा. मी बोलनू, ताई, आते तुले वारा उडाई लई जाई." दोघी तशाच केंद्रावर गेल्या. तोडे काट्यावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी आकडा जमनाच्या वजनातून वजा केला. जमना रेघेच्या बरीच खाली गेली.

जमनाला भुकटी मिळाली, गोळ्या मिळाल्या, आणि दिवस भरल्यावर जीप दारात आली. ही जीप सरकारी, म्हणून तात्यांना नाही म्हणता आलं नाही. नंदुरबारला तिला फार रक्त गेलं. डॉक्टर होते, बाटली होती, म्हणून ती आणि तिचा मुलगा आज आहेत.

तोडे उचकटले त्याच संध्याकाळी ताई घरी आली होती ती ते हातात घेऊन. तात्यांनी सोनाराला बोलावून घेतलं. ओसरीवर, सगळ्या घरासमोर, सोनारानं तोडे परत चढवले आणि तोंडं आधीपेक्षा घट्ट दाबली. पुढं पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांना हिवताप आला. तसा तो अर्ध्या गावाला आला होता. मोठी माय म्हणाली, "इनी तोडा काढा आणि मन्हा पोऱ्या खाटवर पडना." मेहुणे बरे झाले, शब्द मात्र घरात राहिला. ताईचं केंद्रावर जाणं थांबलं. कुणी तिला कोंडलं नाही, मारलं नाही. सकाळी ती निघायची म्हटलं की काहीतरी निघायचं: पापड, पाहुणे, म्हैस, मोठ्या मायची कंबर. मेहुणे म्हणायचे, "जाऊ दे ना, पुढच्या आठवड्यात जा." मग पाहणी संपली. काटा पेटीत बंद झाला, पेटी जीपमध्ये, जीप पुण्याला. त्यावर अहवाल छापला गेला असेल. रनाळ्याला तो कुणी पाठवला नाही.

मी तिला शेवटची भेटले तेव्हा तिला सातवा होता. आधी दोन वेळा पोट राहून गेलं होतं. तिनं माझा हात धरून स्वतःच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "बघ. मी केंद्रावर असते तर मला लिहिलं असतं." मी तिला धुळ्याला चल म्हटलं. मी तात्यांशी भांडले, कायदा सांगितला, सभेत बोलतात तसं बोलले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, थोरल्याचं पहिलं मूल या घरातच जन्मेल. ताई दारापर्यंत आली. दाराच्या पुढं ती आली नाही... दिवस भरले तेव्हा सुईणीला बोलावलं. रक्त थांबेना तेव्हा गाडी जुंपली. नंदुरबारचा रस्ता अर्धाही सरला नव्हता. मूलही राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिचे कपडे आणायला रनाळ्याला गेले. कपाशीचे दिवस. अंगणात तीन लाकडांच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला, तात्या मापं ठेवत होते, वेचणाऱ्या बायकांची गाठोडी एकामागून एक चढत होती. जमना पुन्हा गर्भार आहे. ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून आली, गाठोडं उतरवलं, आणि त्या रिकाम्या पारड्यात स्वतः बसली. दोर करकरले. सासऱ्याशी सून बोलत नाही, म्हणून ती मोठ्या मायकडे बघून म्हणाली:

"मामंजीले सांगा, मापं ठेवा. ताईनं सांगेल शे, महिनाना महिना वजन करानं. आते ताई नही."

तात्या उभे राहिले. मला वाटलं, ते आत निघून जातील. ते वाकले आणि मापं ठेवू लागले. एक, मग दुसरं. काटा सरळ झाला. मोठी माय ओट्यावर सरकी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. सगळ्या मजूरबायकांसमोर, मोठ्यानं म्हणाली:

"त्यामातून दोन शेर काढी टाका. चांदीनं शे."

तात्यांनी दोन शेरांचं माप उचललं. जमनाचं पारडं खाली गेलं, आणि तिचे पाय, तोड्यांसकट, मातीला टेकले.