नव्या ब्लेडची सुरी

गॅलरीतून ओल्या दगडाचा आणि लोखंडाचा वास आला की कळतं, अण्णा सुरी घासतायत. मग पुनावळ्याचा हा फ्लॅट बाजूला राहतो आणि आमची चिंचवडची चाळ डोळ्यांसमोर येते.

चाळीतले सगळेच कंपनीत कामाला. घरोघरी लोखंड कापायच्या हेक्सा ब्लेडची सुरी होती. शिफ्ट सुटताना तुटकं ब्लेड खिशात घालून आणायचं, घरी घासायचं. आमच्याकडे मात्र बोथट विळी. "फेकूनच देत्यात की ते," आई म्हणायची. "फेकू देत. कंपनीचं हाय," एवढंच अण्णांचं उत्तर.

एका रविवारी त्यांनी दुकानातून कोरं ब्लेड विकत आणलं, नळाशी बसून दुपारभर घासलं आणि मुठीला सुतळी गुंडाळली. "अवो, सुरीसाठी कुणी नवं ब्लेड मोडतं व्हय?" आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते सुरी तिच्या हातात द्यायला गेले, तर म्हणाली, "हातात नका देऊ, भांडणं व्हत्यात. खाली ठेवा." त्यांनी ठेवली, तिनं उचलली. तेव्हा मला तो सगळा वेडेपणा वाटला. आता तिच्या त्या हसण्यात अभिमान ऐकू येतो.

आई गेल्या वर्षी गेली. सुरी झिजून पात्याची नुसती काडी उरलीय. आज अण्णांनी अंगठ्यावर धार बघितली, स्वयंपाकघराच्या दाराशी आले, सुरी जमिनीवर ठेवली आणि ती कुणीतरी उचलेल म्हणून तिथंच उभे राहिले.