तिसऱ्या ट्रंकवरचा आवाज

मंगळवार, १७ जानेवारी १९८९. एटापल्ली. उन्हं उशिरापर्यंत धुक्यात. भाजीवाली आली नाही. देवराव चहा तसाच ठेवून एक्सचेंजला गेला. ट्रंकमध्ये बिघाड आहे म्हणतात.

घरमालकीण बाईंनी दहाच्या सुमारास वहीत एवढेच लिहिले. देवराव त्यांच्या मागच्या खोलीत राहायचा, जेवायलाही त्यांच्याकडेच असायचा. तो टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होता. इथे नवे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज बसले आणि लग्नाला पुरते वर्षही झालेले नसताना त्याची बदली झाली. बायको सत्यशीला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, ट्रंक ऑपरेटर. दोघांनी एकाच गावी नेमणूक मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो कुठल्या टेबलावर अडकला होता कोण जाणे. तिच्या घरी फोन नव्हता आणि ड्युटीवर खाजगी बोलायला सक्त मनाई होती.

त्यांना मिळायची ती फक्त सकाळची चाचणी. चांद्याकडे जाणारा एकेक ट्रंक, म्हणजे परगावची लाइन, धरून इकडून त्याने एक ते दहा मोजायचे, मग तिकडून तिने. आवाज स्वच्छ आला की पुढचा ट्रंक. बोलायचे ते गावाच्या नावाने. तो म्हणायचा, "चांदा, ऐका." ती म्हणायची, "बोला, एटापल्ली." सात म्हणताना ती जराशी रेंगाळायची. त्या सातासाठी देवराव डोळे मिटून उभा राहायचा. लाइनमन लच्छू एकदा म्हणालाच, "भाऊ, लाइन चोखट आहे, मंग काऊन पुन्हा पुन्हा मोजून राह्यले? आकडे बदलनार हायेत का?"

त्या सकाळी पहिले दोन ट्रंक कसेबसे पार पडले, तिसऱ्यावर तिचे आकडे अगदी बारीक आले. आदल्या दिवशीही तसेच आले होते, आणि त्या काळजीने त्याला रात्रभर झोप नव्हती. एक ट्रंक गेला, तसे बाकीचेही गेले तर अख्खा तालुका तुटणार. त्याने यंत्राला स्वतःची तपासणी करायला लावले. यंत्राने सगळे ठीक असल्याचे सांगितले. त्याचा विश्वास बसेना. त्याने तिसऱ्या ट्रंकचे यंत्रातले कार्ड काढून पहिल्याचे तिथे बसवले आणि तिला पुन्हा मोजायला लावले. आवाज तसाच. मग दुसऱ्या ट्रंकवरूनच लावून पाहिले. तिथेही तसाच. कार्ड बदलले, जागा बदलली, बिघाड मात्र कुठेही गेला तरी सोबत येत होता. लच्छू तारा पाहायला जायचे म्हणून बाहेर सायकलीत हवा भरू लागला.

एवढ्यात चांद्याच्या सुपरवायझर गिरजाबाई मध्येच लाइनवर आल्या आणि एका ट्रंकला सकाळ घालवता का, म्हणून त्याला झाडू लागल्या. त्यांचा आवाज इतका खणखणीत आला की देवरावने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

मग तो तसाच उभा राहिला. ट्रंक तोच, कार्ड तेच. गिरजाबाई ऐकू येतात आणि ती ऐकू येत नाही.

गिरजाबाई लाइनवरून गेल्यावर त्याने चांदा म्हटले नाही.

"सत्यशीला, तुले बरं नाई का?"

ती म्हणाली, "लाइन बरोबर आहे, एटापल्ली. मीच हळू बोलून राह्यली."

"ताप आहे?"

"मोजा ना तुम्ही. मी ऐकते."

त्याने मोजले, एक ते दहा, सावकाश. सातापाशी तो थांबला. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. गिरजाबाई ऐकत असतील तर असोत, त्याने पुन्हा एकापासून सुरुवात केली.

त्याने दोन्ही कार्डे आपापल्या जागी बसवली, लच्छूला हाक मारून परत बोलावले आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. साहेबांचा फोन आला तर काय सांगू, असे लच्छूने विचारले. बिघाड सापडला म्हणून सांग, असे म्हणून तो एसटी धरायला निघाला. बाईंकडे फक्त स्वेटर घ्यायला आला. बायको आजारी आहे एवढे उंबऱ्यातूनच सांगितले, आणि चांद्याला गेला.

संध्याकाळी बाईंनी वही पुन्हा उघडली. खाली लिहिले: आज एकटीपुरतेच तांदूळ धुतले.